वाचक विचारतात: सिलिंडरमधला गॅस, कडप्प्याचा ओटा आणि न शिजणारी डाळ

या वेळच्या टपालात घरगुती युक्त्यांविषयीची पत्रे इतकी आली आहेत की सदराची सगळी जागा त्यांनाच द्यावी लागली. काही वाचकांनी आजी-सासूबाईंकडून ऐकलेल्या, तर बऱ्याच जणांनी मोबाइलवर फिरत आलेल्या उपायांविषयी विचारले आहे. उत्तरे देताना एकच पथ्य पाळले आहे. ज्या उपायामागचे कारण सांगता येते तोच येथे दिला आहे. कारण ठाऊक असले म्हणजे तो उपाय कोठे चालेल आणि कोठे अंगाशी येईल, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

प्रश्न: आमच्याकडे गॅसचा एकच सिलिंडर आहे आणि तो नेमका पाहुणे आले की संपतो. आत किती गॅस उरला आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे? ज्योत बारीक झाली की सिलिंडर आडवा केला किंवा गरम पाण्यात उभा केला तर आणखी दोन-तीन दिवस चालतो, असे शेजारी सांगतात. तसे करावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: स्वयंपाक उरकल्यावर लगेच एक फडके भिजवून, पिळून सिलिंडरवर वरपासून खालपर्यंत फिरवावे आणि काही मिनिटे नुसते पाहत राहावे. वरचा भाग भराभर सुकतो, खालचा ओलाच राहतो आणि दोहोंच्या मध्ये बऱ्यापैकी सरळ आडवी रेघ उमटते. त्या रेघेपर्यंत आत द्रवरूप गॅस आहे असे समजावे. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात भरलेला असतो. आपण शेगडी पेटवतो तेव्हा त्या द्रवाची वाफ होत असते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःमधून व भोवतालच्या पत्र्यातून घेतो. त्यामुळे द्रव असलेल्या उंचीपर्यंतचा पत्रा थंड राहतो आणि तेथील पाणी उशिरा सुकते. म्हणूनच ही तपासणी शेगडी बराच वेळ चालल्यानंतर करावी. भर पावसाळ्यात हवाच दमट असल्याने रेघ नीट दिसत नाही. अशा वेळी सिलिंडरच्या एका बाजूवरून तांब्याभर कोमट पाणी ओतावे आणि त्या जागी वरून खाली हात फिरवावा. जेथे हाताला एकदम गारवा लागेल तेथून खाली द्रव आहे.

याहून नेमका हिशेब हवा असेल तर वजन करावे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्याच अंगावर लिहिलेले असते. नवा सिलिंडर घेताना या दोहोंची बेरीज काट्यावर दिसायला हवी, आणि सिलिंडर पोचवणाऱ्याकडे वजनकाटा मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. त्याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी, जी सहसा कोणी पाहत नाही. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि त्यापुढे वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सी आणि 28 असे लिहिले असेल तर 2028 च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत त्या सिलिंडरची पुन्हा तपासणी होणे आवश्यक आहे. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नये, बदलून मागावा.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याविषयी मात्र स्पष्टच सांगतो: सिलिंडर आडवा किंवा उलटा कधीही करू नये. उभ्या सिलिंडरमधून फक्त वाफ बाहेर येते. आडवा केला की द्रवच रेग्युलेटरमध्ये आणि नळीत शिरतो, आणि तेथून शेगडीपर्यंत पोचला की ज्योत एकाएकी भडकते. गरम पाण्यातही धोका आहे, कारण किती तापले आणि आतला दाब किती वाढला हे घरात मोजता येत नाही. थंडीत शेवटी शेवटी ज्योत बारीक होते, याचे कारण वेगळे आहे. या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या आसपास. त्यामुळे आधी प्रोपेनचे प्रमाण कमी होते, तळाशी ब्युटेनचा वाटा वाढतो आणि आपल्या नाशिकच्या थंडीत पहाटे तो पुरेशी वाफ देत नाही. ऊन वर आल्यावर तोच सिलिंडर जरा बरा चालतो, तेव्हा अशा दिवसांत सकाळच्या चहापुरती दुसरी सोय ठेवावी, एवढाच निर्धोक उपाय आहे.

गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, खिडक्या-दारे उघडावीत, रेग्युलेटर बंद करावा आणि 1906 या क्रमांकावर कळवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून केवळ भिंतीतला वरचा झरोका उघडून भागत नाही, दार उघडे ठेवावे लागते. सांध्यातून गळती आहे का हे पाहण्यासाठी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, काडी ओढून नव्हे.

प्रश्न: पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली. साबण लावताच पिवळा डाग लालभडक झाला. साबणात काही भेसळ असावी का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: साबण चांगला आहे. हळदीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते करक्युमिन आम्लात पिवळे राहते आणि साबण, सोडा, चुना अशा अल्कधर्मी पदार्थांच्या संगतीत लाल होते. हळदीत चुना कालवून ओवाळणीसाठी लाल पाणी करतात, ते याच गुणावर. आपला डाग भरपूर पाण्यात खळबळून वर लिंबाचे दोन थेंब पिळावेत. तो डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा होईल. अर्थात पिवळा झाला म्हणजे गेला असे नाही.

करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळते. शिवाय आमटीच्या डागात फोडणीचे तेलही असते, आणि तेल निघाल्याखेरीज रंग हलत नाही. म्हणून प्रथम भांडी घासण्याचा द्रव साबण डागावर चोळून, थोडा वेळ ठेवून धुवावे. त्यानंतर कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपावे, आणि खाली जुने फडके ठेवावे म्हणजे सुटलेला रंग त्यात उतरतो. स्पिरिट लवकर पेट घेते, तेव्हा हे काम शेगडी किंवा निरांजन यांच्या जवळ करू नये. एवढ्याने उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवावा. करक्युमिन प्रकाशात टिकत नाही. कपडा ओला असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात वाळत घातला, की एका दुपारीत रंग उतरतो, फार तर दोन. रंगीत कपड्यांवर हा उपाय बेताने करावा, कारण ऊन हळदीचा रंग उडवते तसा कपड्याचाही उडवते. लोकर आणि रेशीम यांना मात्र क्लोरीनचे ब्लीच चुकूनही लावू नये. त्याने धागाच कमकुवत होतो.

प्रश्न: बोअरच्या पाण्याने नळांवर आणि ओट्यावर पांढरे थर बसतात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावावा, असा संदेश आला होता. त्याप्रमाणे केले. नळ थोडेसेच निघाले, पण कडप्प्याच्या ओट्यावर जेथे व्हिनेगर सांडले होते तेथे चकाकी उडून पांढुरके पट्टे पडले. ते आणखी व्हिनेगर लावूनही जात नाहीत.
— एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: आणखी व्हिनेगर लावणे आधी थांबवावे. ते पट्टे साचलेल्या क्षाराचे नाहीत, तेथे दगडच खाल्ला गेला आहे.

नळावर बसणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आम्लात विरघळतो, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू उपयोगी पडते. अडचण अशी, की कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे तोही बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच. शहाबादी फरशी त्याच जातीची, संगमरवरही त्याच कुळातला, आणि जुन्या घरांतल्या मोझाइक लाद्यांत तर संगमरवराचेच तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. नळावरचा थर ज्या आम्लाने जातो ते आम्ल हा भेद कसा करणार? ओट्यावर चिरलेले लिंबू पालथे ठेवून विसरलो तरी तेवढा गोल डाग कायमचा राहतो, हे अनेक घरांत पाहायला मिळते. ग्रॅनाइटला असा धोका नाही. आपला दगड कोणता हे ठाऊक नसेल तर ओट्याच्या आडोशाच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाहावा. बारीक बुडबुडे आले, किंवा पुसल्यावर ती जागा निस्तेज दिसली, तर त्या दगडाजवळ कोणतेही आम्ल नेऊ नये. असा ओटा साध्या साबणाच्या पाण्याने पुसावा आणि लगेच कोरडा करावा, कारण पाणी जागीच सुकले की क्षार मागे राहतो. पडलेले पट्टे घालवायचे तर पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून ओटा पुन्हा घासून घ्यावा लागेल. खोबरेल तेलाचा हात फिरवल्यास दगड काळाभोर दिसतो खरा, परंतु ती दोन दिवसांची शोभा आहे.

आता मिश्रणाविषयी. व्हिनेगर आम्ल आणि सोडा अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आले की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेट नावाचे लवण घातलेले पाणी उरते, ज्यात ना आम्लाचा जोर असतो ना सोड्याचा. फेस पाहून काहीतरी जोरात चालले आहे असे वाटते, म्हणूनच हा संदेश इतका फिरतो. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, फक्त वेगवेगळ्या वापराव्यात: तेलकटपणा आणि करपलेले अन्न यांसाठी सोडा, क्षारांसाठी आम्ल.

नळासाठी व्हिनेगरपेक्षा सायट्रिक ॲसिड बरे. किराणा दुकानात ते लिंबूफूल म्हणून मिळते, त्याला उग्र वास नसतो आणि स्वस्तही पडते. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून त्यात जुने सुती फडके भिजवावे, ते नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवावे आणि मग जुन्या दातांच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. नळाखाली कडप्पा असेल तर आधी तेथे ताट किंवा पसरट भांडे ठेवावे. शॉवरची चाळणी काढता येत नसेल तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पिशवी चाळणीभोवती बांधून ठेवावी. विजेच्या किटलीत लिटरभर पाण्याला एक चमचा लिंबूफूल घालून उकळी आणावी, अर्धा तास तसेच राहू द्यावे आणि दोनदा विसळावे. गिझरच्या आतील थर मात्र कारागिराकडूनच काढून घ्यावा.

याच पत्राच्या निमित्ताने एक सूचना करणे भाग आहे. न्हाणीघर धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे ॲसिड काही घरांत एकापाठोपाठ एक ओतले जाते. या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो, जो बंद न्हाणीघरात फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. एक वापरल्यानंतर जागा पूर्ण धुऊन काढावी, आणि दुसरे त्या दिवशी वापरूच नये हे उत्तम.

प्रश्न: गावाकडे तूरडाळ तीन शिट्यांत मेणासारखी शिजते. येथे नवीन घरी सहा शिट्या झाल्या तरी डाळ पाण्याखाली वेगळीच दिसते. डाळ तीच, कुकर तोच. सोडा घालावा का?
— एक वाचक, लातूर

उत्तर: पाणी बदलले आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना ज्या पेक्टिनने चिकटलेल्या असतात, त्याच्याशी जड पाण्यातील कॅल्शियम जुळते आणि ते बंध घट्ट होतात. मग कितीही शिट्या काढल्या तरी दाणा मोडत नाही. सोड्याने हे बंध सुटतात, डाळ पटकन गळते हेही खरे, परंतु त्यासोबत डाळीतील ब-1 जीवनसत्त्वाचा मोठा भाग नाश पावतो आणि वरणाला साबणासारखी चव येते. रोजच्या डाळीत सोडा घालू नये असे माझे मत आहे.

त्याऐवजी डाळीपुरते पाणी आदल्या रात्री खळखळून उकळावे, झाकून थंड होऊ द्यावे आणि सकाळी भांडे न हलवता वरचे पाणी काढून घ्यावे. तळाशी पांढरा साका बसलेला दिसेल. पाण्याचा जडपणा ज्या बायकार्बोनेटमुळे होता ते कार्बोनेट होऊन खाली बसलेले असते. प्रत्येक विहिरीचा जडपणा असा उकळून जाईलच असे नाही, कारण सल्फेट आणि क्लोराइड उकळल्याने खाली बसत नाहीत. तसे असेल तर पिण्यासाठी शुद्ध केलेले आरओचे पाणी भिजवण्यासाठीही आणि शिजवण्यासाठीही वापरावे. फक्त शिजवताना चांगले पाणी घालून पुरत नाही, कारण भिजतानाच कॅल्शियम आत शिरते.

मिठाविषयीचा समज येथे उलटा आहे. मीठ घातले की डाळ शिजत नाही असे आपण ऐकत आलो आहोत. वास्तविक राजमा, छोले, वाल, मटकी यांसारखी कडधान्ये भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घातल्यास मिठातील सोडियम काही प्रमाणात कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ होते. डाळ अडवते ते आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो, कैरी यांपैकी काहीही डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावे. आमटीला चिंच-गूळ शेवटी लावण्याची आपली रीत या दृष्टीने अगदी बरोबर आहे. सगळे एकदम कुकरमध्ये टाकण्याच्या घाईत ती मोडली गेली. याउपरही डाळ शिजली नाही तर ती जुनी असावी. दमट आणि उष्ण जागी वर्षभर पडलेल्या डाळीचा दाणा असा टणक होतो की पाणी बदलूनही उपयोग होत नाही.

डाळ शिट्टीतून उफाळून बाहेर येऊ नये म्हणून चमचाभर तेल घालावे आणि कुकर निम्म्याहून अधिक भरू नये; तेलाने फेस मोडतो.

प्रश्न: दूध तापवताना तळाला लागते आणि जरा नजर वळली की उतू जाते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: दूध ओतण्याआधी पातेले थंड पाण्याने विसळावे आणि आतून पुसू नये, पाण्याचा पातळ थर दूध आणि धातू यांच्या मध्ये राहतो व दूध लागण्याचे प्रमाण कमी होते. पातेल्याच्या काठाला आतून बोटभर रुंदीचे तुपाचे बोट फिरवावे, म्हणजे वर चढणारा फेस तेथे येऊन फुटतो. मोठ्या आचेवर दूध ठेवून अंगणात गेल्यास मात्र तूपही काही करू शकत नाही.

प्रश्न: सणासाठी पितळेची पातेली आणि चांदीची निरांजने काढली. पातेली रात्रभर चिंचेत भिजवली तर ती गुलाबीसर झाली. चांदी टूथपेस्टने घासली, पण दरवेळी घासून ती झिजेल अशी भीती वाटते. पातेल्यांना आतून कल्हई आहे, तिची निगा कशी राखावी?
— एक गृहिणी, पुणे

उत्तर: पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. जास्त वेळ आंबटात राहिले की वरच्या थरातील जस्त विरघळते आणि तांबे उघडे पडते, तोच हा गुलाबी रंग. चिंच, आमसूल किंवा लिंबू यांपैकी काहीही मीठ घालून चोळले की मिनिटभरात काळपटपणा जातो. त्यानंतर भांडे लगेच धुऊन, पुसून कोरडे करावे. भिजत घालण्याची गरजच नसते. आपल्या पातेल्यांचा गुलाबी थर बारीक रांगोळीने किंवा भांड्यांच्या पावडरीने थोडे घासल्यास निघून जाईल.

कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील 232 अंशांना वितळते. रिकामे पातेले आचेवर ठेवून विसरल्यास इतके तापमान थोड्याच वेळात गाठले जाते आणि आतली चकाकी थेंबाथेंबाने गोळा होते. म्हणून कल्हईच्या भांड्यात आधी पाणी किंवा पदार्थ घालावा आणि मगच ते आचेवर चढवावे. तेल धुरावेपर्यंत तापवायचे असेल तर फोडणी लोखंडी पळीत वेगळी करून वरून घालावी. तारेच्या घासणीने कल्हई खरवडू नये, आणि आतून लालसर किंवा पिवळी छटा दिसू लागली की त्या भांड्यात कढी, सार, आमटी करणे थांबवून कल्हई लावून घ्यावी.

चांदीविषयीची आपली भीती रास्त आहे. चांदीवरचा काळा थर हा चांदी आणि हवेतील गंधकयुक्त वायू यांचे संयुग असतो, आणि तो घासून काढताना त्यातली चांदीही जाते. ती परत मिळवता येते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या खोलगट भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल चकचकीत बाजू वर करून पसरावी, तिच्यावर निरांजने फॉइलला टेकतील अशी ठेवावीत, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ या प्रमाणात टाकून वरून कढत पाणी ओतावे. थोडा कुजक्या अंड्यासारखा वास येईल, बारीक बुडबुडे निघतील आणि काळेपणा निरांजनावरून उतरताना दिसेल. फॉइल मात्र निस्तेज आणि काळपट होत जाईल, कारण गंधक आता ॲल्युमिनियमकडे गेलेले असते. जेथे फॉइल टेकलेली नाही तेथे डाग राहतात, तेव्हा मध्येच चिमट्याने वस्तू फिरवावी. मोती किंवा खडे जडवलेले दागिने, मुद्दाम काळपट ठेवलेली नक्षी आणि आतून लाख भरलेले पोकळ दागिने या पाण्यात घालू नयेत. लाख उष्णतेने मऊ होते, आणि मोत्यांचे पाणी जाते ते वेगळेच. वस्तू कोरड्या करून मऊ सुती कापडात गुंडाळाव्यात, पिशवीत खडूचा तुकडा टाकावा आणि रबर लावू नये, कारण रबरातही गंधक असते.

प्रश्न: पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. त्यात तांदळाचे दाणे घालावेत का? तसेच बाळंतविड्याचे कपडे डांबराच्या गोळ्या घालून ठेवले आहेत, ते तसेच वापरावेत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठदेखील पाणी ओढून विरघळू लागते, आणि मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असेल तर त्याहूनही लवकर. कोकणात आषाढ-श्रावणात हवा सतत त्या मर्यादेच्या वर असते, त्यामुळे तांदळाचे चार दाणे किती पुरे पडणार? ते थोडासा ओलावा शोषतात आणि गुठळ्या फोडतात, इतकेच. घट्ट झाकणाची चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्यावी, रोजच्यापुरते मीठ वेगळ्या लहान भांड्यात काढावे आणि ओला चमचा घालू नये. मीठ स्टीलच्या डब्यात ठेवू नये, त्याला बारीक भोके पडतात.

डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थॅलीनची वाफ नवजात बाळांना बाधू शकते. जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत त्यामुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते, आणि कमतरता आहे की नाही हे आधी कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या घालूच नयेत. घातल्या असतील तर कपडे धुवावेत, वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस उन्हा-वाऱ्यावर ठेवावेत आणि मगच वापरावेत. कपाटात नॅप्थॅलीन आणि कापूर एकत्रही ठेवू नयेत. दोन्ही परस्परांच्या संगतीत पाघळून कपड्यांवर तेलकट डाग पडतात.

प्रश्न: वर्षभराचे धान्य भरले आहे. बाजारात मिळणाऱ्या ‘गोळ्या’ टाकाव्यात की एरंडेल लावावे? रव्याला तर पंधरा दिवसांतच जाळी होते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ज्या गोळ्या गोदामांत वापरतात त्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील दमटपणाने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. हा वायू इतका विषारी आहे की शेजारच्या खोलीत झोपलेली माणसेही दगावली आहेत. राहत्या घरात या गोळ्या कोणत्याही कारणाने आणू नयेत. पाऱ्याच्या टिकड्याही टाळाव्यात, कारण जो पदार्थ खायचा त्यात पारा ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

तूरडाळ, हरभरा आणि गहू यांना एरंडेल चांगले. किलोला लहान चमचाभर पुरे; हाताला लावून दाणा न् दाणा चोळला गेला पाहिजे, कारण तेलाच्या थराने किड्यांना दाण्यावर अंडी घालणे अवघड जाते आणि घातलेली अंडी गुदमरतात. वाल-पावटे राखेत घोळवून ठेवण्याची रीतही शहाणपणाची आहे. कोरड्या राखेने किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जातो आणि तो आतून सुकून मरतो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कडकडीत वाळवूनच, नाहीतर त्याचाच ओलावा धान्याला लागतो. गव्हाला ऊन दाखवावे, तांदळाला दाखवू नये. एकदम वाळल्याने तांदळाच्या दाण्याला तडे जातात आणि शिजताना कणी होते.

रवा, मैदा, बेसन यांना तेल लावता येत नाही आणि त्यांत अंडी बहुधा दुकानातूनच आलेली असतात, म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी जाळी होतेच. आणल्याबरोबर पिशवी न फोडता फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तीन-चार दिवस ठेवावी. उणे 18 अंशांच्या आसपास अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच उघडू नये. थंड रव्यावर खोलीतील दमट हवेचे पाणी जमते आणि गुठळ्या होतात, म्हणून पिशवी बाहेरून पूर्ण कोरडी होऊन हाताला गार लागेनाशी झाल्यावरच ती फोडावी आणि रवा कोरड्या डब्यात भरावा.